गोपिकेनं देलेली अक्षत

नाचणगावात कोणाच्याई घरी लग्न निघालं का पहिलं बोलावणं गोपिकेले जाये. भटजी मंग, बँडवाला मंग, मांडवाच्या बल्ल्या त्याच्याई मंग. काऊन का अक्षत द्याचं काम तिचं. आता तुमी कार्ड छापता अन् दारात फेकून जाता, कोंबड्या नाचतात त्याच्यावर. तवा तसं नव्हतं बाप्पा. हळदी-कुंकवानं रंगवलेले तांदूळ ताटात घ्याचे, घरोघरी जाचं, घरच्या बाईच्या हातावर चिमूटभर ठेवाचे, अन् तोंडानं सांगाचं, अमक्याच्या घरी कार्य हाय, सगळ्याइनं येजो. तिनं मूठ मिटली का तिनं येणं कबूल केलं. अन् जिनं अक्षत देली, तिच्या डोक्यावर त्या बाईचा मान आला. बसाले मिळालं का, पाय धुवाले पाणी मिळालं का, कपाळाले कुंकू लागलं का, हे सारं अक्षत देणारीनं पाहाचं. घरमालक इसरला तं चालते, तिनं इसरून चालत नाई. कोणाचा मान कराचा राह्यला तर ती बाई घरमालकाशी भांडाले जात नाई. अक्षत देणारीच्या वट्ट्यावर येऊन बसते अन् इचारते, "कायले बोलावलं वं मले?"

गोपिकेच्या वट्ट्यावर अशी कोणी कधी बसली नव्हती. त्याचा तिले गर्व होता. होताच, खोटं कायले बोला.

बाई उंचीपुरी, सावळी, दात मोठे अन् हासणं त्याच्याहून मोठं. घरची भाजीची वाडी होती. वांगे, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर, पालक काढून टोपलं डोक्यावर घे अन् पुलगावच्या बाजारात जाऊन बसे. आवाज असा का या टोकाले "घ्या वं कवळे वांगेऽऽ" म्हणलं का त्या टोकाच्या दुकानदारानं मान वर करावी. नवरा लक्ष्मणराव जितका मुका तितकी हे बोलकी. सासू रुख्माबाई म्हणे, "माह्या पोराच्या वाटचं बी हेच बोलून टाकते, म्हून तं संसार चालला."

त्या घरात जयवंता वाढली.

जयवंता कोणाची? रुख्माबाईच्या दूरच्या बहिणीची. माय गेली, बापानं दुसरी केली, दुसरीनं पोरगी ठेवून घेतली नाई. रुख्माबाई गेली अन् पोरीले कडेवर घेऊन आली. पोरगी आली तवापासून बोलेच ना. खाये, झोपे, पण तोंडातून शबूद नाई. लोक म्हणत मुकी हाय. रुख्माबाई म्हणे, "मुकी कायची, गोठ्यात बकऱ्याइजोळ गुनगुनते, मी आयकलं हाय."

मंग एक दिवस काय झालं, ऊन कडक होतं, पोरगी वाडीतून धावत आली अन् रांजणाकडं बोट दाखवलं. रुख्माबाईनं तांब्या भरला अन् हासत हासत वर धरला. "गाशीन तं पाणी देईन," म्हणे. मस्करी. पोरीनं तिच्याकडं पाह्यलं, पाय आपटले, अन् मंग बारीक आवाजात, पोरी फेर धरून म्हणतात त्या भुलाबाईच्या गाण्याची एक ओळ म्हणली. त्या घरात तिचा आवाज पहिल्यांदा उमटला तो तसा. रुख्माबाईचे डोये भरून आले. तिनं पोरीले मांडीवर घेऊन आपल्या हातानं पाणी पाजलं, तोंड पुसलं, सारी आळी गोळा केली. "माही जयवंता बोलली वं, बोलली!" त्या दिवसापासून तो खेळच झाला दोघीचा. पोरगी पाणी मांगे, म्हातारी तांब्या वर धरे, पोरगी गाये, दोघी हासत.

गोपिका तवा नवी सून. तिनं ते डोयानं पाह्यलं होतं.

पुढं जयवंता मोठी झाली अन् गळा असा फुटला का भुलाबाईच्या महिन्यात दुसऱ्या आळीच्या पोरी आमच्या आळीत येऊन उभ्या राहत. मंग खंजिरी हातात आली, बायाइचं भजनमंडळ झालं. पण भजन गाणारीले आयकणारे पाहिजे ना. ते कोणी आणले? गोपिकेनं. बाजारात वांगे तोलता तोलता सांगे, "मावशी, शनिवारी आमच्या जयवंताचं भजन हाय, या बरं, नाईतर उद्या किडके वांगे देईन." बाया हासत अन् येत. पुलगावच्या गिरणीतले लोक येत. अन् ज्या दिवशी मोठं भजन राहे त्या दिवशी गोपिका ताट घेऊन निघे अन् घरोघरी अक्षत ठेवे, जसं काई लग्नच हाय.

सासरा नवा नवा कुरकुरला. "भजनाची अक्षत कोण देते?"

"माह्या नणदेचं लग्न हाय भजनाशी," गोपिका म्हणे.

जयवंता तिले वैनी म्हणे. भजन सुरू कराच्या आधी बायाइकडं पाहे, वैनी कोठी बसली हे डोयानं शोधे, अन् मंगच खंजिरीवर थाप मारे. गोपिकेले तेवढं पुरे.

मंग जयवंताचं लग्न झालं, नवरा नोकरीवाला, ते दोघं वर्ध्याले सिंदी मेघेत खोली घेऊन राहाले गेले. नागपूरच्या रेडिओवर तिचं गाणं लागलं तवा गोपिकेनं बाजारात टोपलं झाकून ठेवलं अन् पानठेल्यावर उभी राह्यली. पानठेलेवाला म्हणे, "बाई, भाजी वाळून राह्यली तुमची." "वाळू दे," म्हणे, "आज माहं गाणं लागलं हाय."

आता ही गोठ सन ब्यांशीच्या आसपासची. वर्ध्याच्या एका मंडळानं मोठा समारंभ ठेवला. गाणाऱ्याइले मानपत्र अन् चांदीची खंजिरी देणार होते, अन् पहिलं नाव आमच्या जयवंताचं. त्याच्या आठ दिवस आधी गोपिकेच्या दारात मोटार उभी राह्यली. जयवंता उतरली, नाकात नवी नथ, अन् तिच्यामागून सफारी घातलेला एक माणूस.

"वैनी, हे भैय्याजी. नागपूरचे. हेच आता माही परशिद्धी पाहतात."

"म्हणजे काय करतात?"

"म्हणजे पेपरात लिहून आणतात, भिंतीवर कागद चिकटवतात, लोकाइले सांगतात."

"मंग मी आजवर काय केलं?" गोपिका हासली. "मलेई ठेवा का कागद चिकटवाले."

भैय्याजी बी हासला. गोड माणूस होता बरं का, वाईट दिसाले नव्हता. खाटेवर बसला, च्या पेला, अन् म्हणे, "देखो भाभी, गाणं तं सगळेच गातात. लोकाइले गाण्यामागं कहाणी पाहिजे. बाईच्या लहानपणची काई कहाणी सांगा ना."

झालं. गोपिकेले तेवढंच पाहिजे होतं. तिनं पदर खोचला अन् सुरू झाली. पोरगी कशी आली, बकऱ्याइजोळ कशी गुनगुनली, म्हातारीनं तांब्या कसा वर धरला, सारं करून दाखवलं. रुख्माबाई जोत्यावर बसून आयकून राह्यली होती, तिले आता कमी आयकू ये, पण तांब्या वर धरला तवा समजली अन् बोळकं उघडून हासली. जयवंता बी हासली. भैय्याजीनं मान हालवली. "बढिया," म्हणे, "बहुत बढिया. पाण्याची कहाणी."

निघता निघता जयवंतानं गोपिकेचा हात धरला. "वैनी, त्या दिवशी साऱ्या आळीले घेऊन येजो. माह्या मायेरच्या बायाइनं वटी भरल्याबिगर मी खंजिरी हातात नाई घेत."

"अक्षत देऊ?"

"तं मंग! अक्षतच दे."

जयवंताले अक्षत म्हणजे काय हे चांगलं ठाऊक होतं. त्याच घरात वाढली होती ना ते. सांगून ठेवतो, काऊन का पुढं ती म्हणे, मी तं सहजच बोलली होती.

गोपिकेनं तांदूळ रंगवले. साऱ्या गावात हिंडली, कोणतंच घर सोडलं नाई. लीलाबाईच्या दारात गेली, लीलाबाई म्हणजे अशी बाई का देवानं दर्शन देलं तरी म्हणन उशिरा काऊन आला. तिनं अक्षत हातात घेतली पण मूठ मिटली नाई.

"वर्ध्याले? शहरातल्या कार्यक्रमात आपल्याले कोण इचारते वं गोपिके? तथी पासवाले लोक राहतात म्हणे."

"तिनं सोताच्या तोंडानं सांगतलं, मायेरच्या बायाइनं वटी भरल्याबिगर खंजिरी घेत नाई म्हणून."

"तू जाणे बापा."

"मी जाणते. तुमचा मान कराचा राह्यला तं माह्या वट्ट्यावर येऊन बसजो."

तवा लीलाबाईनं मूठ मिटली.

समारंभाच्या दिवशी पुलगावच्या टेसनावर पाहाले पाहिजे होतं. बायाइचा थवाच्या थवा. ठेवणीतले लुगडे, अंबाड्यात फुलं, हातात पिशव्या. पिशवीत नारळ, खण, तांदूळ, कोणी तिळाचे लाडू बांधून आणले. रुख्माबाई सगळ्याइच्या मधात. तिनं जयवंतासाठी लुगडं घेतलं होतं, हिरवं, अन् दुसऱ्या हातात पितळी तांब्या, पाण्यानं भरलेला, वर फडकं बांधलेला.

"हे कायले घेतलं वं आत्याबाई? तथी काय पाणी नाई?" गोपिका म्हणे.

"गाण्याच्या आधी तिले पाणी लागते," रुख्माबाई म्हणे. "मी वर धरीन, पाहजो कशी हासते ते."

पाशिंजर गाडीत बायाइनं सारा रस्ता भुलाबाईचे गाणे म्हणले. टीसी आला, तिकिटं पाहाचे सोडून गाणं आयकत उभा राह्यला.

वर्ध्याच्या त्या हालमंधी दारावर सफारीवाले पोरं उभे. "पास?"

"आमाले अक्षत हाय," गोपिका म्हणे.

पोरगा दुसऱ्याकडं पाहून हासला. "काय हाय?"

"मी नाचणगावची. जयवंताची वैनी. आतमधी सांग."

तो आत गेला, मंग भैय्याजी आला. हात जोडले, मोठ्या आदबीनं. "आलात? बहुत अच्छा. या, मागं बसा, मागं जागा हाय." मागं म्हणजे खुर्च्याइच्या मागं, भिंतीजोळ, सतरंजीवर.

"बसतो, त्याचं काई नाई. पहिले वटी भरा लागते. तिले दोन मिंटं बोलवा."

"आता नाई जमत भाभी. मेकअप चालू हाय, पेपरवाले आले. परोगराम झाल्यावर."

"झाल्यावर कशी? वटी आधी..."

पण भैय्याजी गेला होता. लीलाबाई पिशवी मांडीवर घेऊन बसली अन् गोपिकेकडं पाह्यलं. गोपिकेनं सगळ्याइले सांगतलं, "बसा वं, बसा, गर्दी हाय म्हून, ती दिसली का मी बोलावते तिले." कोणाच्याच पायाले पाणी नाई, कोणाच्या कपाळाले कुंकू नाई. गोपिकेनं आपल्या कमरेची कुंकवाची डबी काढली अन् सतरंजीवरच रांगत रांगत एकेकीले लावलं. खुर्च्याइवरचे लोक वळून वळून पाहून राह्यले.

मंग दिवे कमी झाले अन् जयवंता स्टेजवर आली. टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्या टाळ्या सतरंजीवरच्या. गोपिका तं गुडघ्यावर उभी राह्यली, म्हणजे दिसावं. जयवंतानं डोये फिरवले, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. सतरंजीपर्यंत आले. थांबले नाई.

निवेदकानं माईक तिच्यापुढं धरला. "आपल्या प्रवासाबद्दल दोन शब्द."

जयवंता बोलाले लागली, अन् आमच्या बायाइनं एकमेकीकडं पाह्यलं. 'मले' नाई, 'मला' म्हणून राह्यली होती. पेपरात वाचल्यासारखं.

"माझी आई गेली तेव्हा मी खूप लहान होते," म्हणे. "नाचणगावच्या एका घरात मला टाकलं होतं. त्या घरात एक म्हातारी होती. मी उन्हातान्हात राबून यायची, तहानेनं जीव जायचा. ती पाण्याचा तांब्या वर धरायची आणि म्हणायची, गाशील तर पाणी देईन. मी रडत रडत गायचे. त्या गावानं मला घोटभर पाणी कधी फुकट पाजलं नाही. माझा आवाज त्या तहानेतून आला आहे."

मंग अशा टाळ्या वाजल्या, अशा टाळ्या वाजल्या. पुढच्या बाया पदरानं डोये पुसून राह्यल्या. खुर्चीवरची एक बाई मागं वळली अन् रुख्माबाईलेच म्हणाली, "काय बाई राक्षसीण असन ते म्हातारी!"

रुख्माबाईनं कानामागं हात धरला. "काय म्हणे ते? तांब्याची गोठ सांगतली ना जयवंतानं? माहं नाव घेतलं का वं?"

गोपिकेले फक्त एवढंच दिसे का आपण अंगणात उभं राहून, हात वर करकरून, हे सारं त्या माणसाले आपल्या तोंडानं सांगतलं. अन् आपल्याच हातानं अक्षत ठेवून, ज्याइले शिव्या पडणार होत्या त्याइले त्या आयकाले आणलं.

गाणं झालं, खंजिरी देली, तवा तिनं रुख्माबाईच्या हातातून तांब्या घेतला अन् उठली. बाजूच्या दारातून, पोरगा नाई नाई म्हणत असताना, स्टेजमागं गेली.

जयवंता गाणं आटपून उतरली होती, चांदीची खंजिरी हातात, चार लोक भवताल. गोपिकेले पाहून तिचा चेहरा हालला खरा. "वैनी! तुमी आल्या?"

"आमी आलो. तू बोलावलं म्हून आलो. हे काय बोलली वं तू?"

जयवंतानं लोकाइकडं पाह्यलं, गोपिकेले बाजूले घेतलं. "वैनी, तसं सांगा लागते. भैय्याजी म्हणे, लाडानं वाढली म्हणलं तं कोण रडन? मी कोणाचं नाव थोडीच घेतलं."

"नाव कायले पाहिजे? गावाचं घेतलं ना. म्हातारी बाहेर बसली हाय, हिरवं लुगडं घेऊन."

"मावशीले आयकू येत नाई ना?"

राग नाई आला गोपिकेले तवा. राग आला असता तं बरं झालं असतं. तिले फक्त समजलं, का हिनं याचाई इचार करून ठेवला होता. म्हातारी बहिरी हाय, तं चालते.

"तूच अक्षत दे म्हणलं होतं," गोपिका म्हणे.

"मी सहजच बोलली होती वं वैनी. तू खरंच साऱ्या आणल्या?" अन् तेवढ्यात भैय्याजी फोटोवाल्याले घेऊन आला, "बाई, इकडं, इकडं," अन् जयवंता हासत वळली. फोटोत गोपिकेचा अर्धा हात आला होता म्हणे, तांब्यासकट. पेपरात छापताना तेवढा कापला.

परतीच्या गाडीत कोणी गाणं म्हणलं नाई. नारळ, खण, लाडू, जसे नेले तसे पिशव्याइत. पुलगाव याले आलं तवा रुख्माबाई खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली, "गोपिके, मी तिले पाणी देलं नाई का वं?"

सारं आयकलं होतं तिनं. नाईतर बायाइच्या तोंडावरून समजलं असन.

"देलं ना आत्याबाई. मांडीवर घेऊन देलं. मी होती ना."

"मले आठोते तसं देलंच असन मी," म्हातारी म्हणे.

सकाळी गोपिका उठली तं वट्ट्यावर लीलाबाई बसलेली. पदर डोक्यावरून, हात मांडीत. पिशवी समोर.

"कायले बोलावलं वं मले?" म्हणे.

गोपिका उभी राह्यली. तिच्या सगळ्या आयुष्यात ते वाक्य तिच्या वट्ट्यावर कोणी बोललं नव्हतं. तिनं सबब सांगतली नाई, जयवंताचं नाव घेतलं नाई. आत गेली, पाणी आणलं, लीलाबाईचे पाय धुतले, कुंकू लावलं, अन् वटीत आपल्या वाडीतले कवळे वांगे अन् नारळ घातला. लीलाबाई म्हणजे कशी बाई, पण तिच्याई डोयाले पाणी आलं. "तुह्यावर नाई वं माहा राग," म्हणे. "मंग बसली कायले?" "बसा तं लागतेच ना."

बाकीच्या बसाले आल्या नाई. गोपिकाच त्याइच्या घरी गेली, ताट घेऊन, एकेकीचा मान केला. कोणी बोललं नाई वाकडं. पण लोकाइनं पेपरात वाचलं होतं. बाजारात गिऱ्हाइकं इचारत, "तुमी नाचणगावच्या ना? पाणी नाई पाजलं म्हणे पोरीले?" पहिले पहिले गोपिका सांगे, अवं तसं नाई, असं झालं होतं. लोक मान हालवत, पण त्याइच्या तोंडावर दिसे का छापलेलंच खरं. मंग तिनं सांगणं सोडून देलं. आरोळी बी बारीक झाली तिची.

अन् रुख्माबाई. घरी कोणी पाहुणा आला, का म्हातारी पहिले उठून पाणी दे, तिचं कामच होतं ते. आता उठेना. जोत्यावरून म्हणे, "गोपिके, पाणी दे वं त्याइले. माह्या हातचं नको." गेली तोपर्यंत तिनं कोणाले आपल्या हातानं पाणी देलं नाई. हिरवं लुगडं पेटीतच राह्यलं. तिच्याच अंगावर घातलं शेवटी.

त्याच्यानंतर कईक वर्सं गेली. जयवंताच्या कॅशिटी निघाल्या, लग्नाच्या मांडवात वाजत. गोपिका मांडवात राहे, अक्षत तिचीच राहे, पण कॅशिट लागली का आत सयपाकाकडं जाये.

अन् मंग एक दिवस मोटारीवर भोंगा लावून गावात आवाज फिरला. आपल्या गावची सुप्रसिद्ध गायिका आपल्या गावात. दुपारी मोटार गोपिकेच्या दारात थांबली. जयवंता जाड झाली होती, केस काळे केलेले. मागं भैय्याजी, म्हातारा झाला होता तोई.

"वैनी," म्हणे, अन् पाया पडली. "मावशीचं मले उशिरा समजलं."

"बस," गोपिका म्हणे.

"वैनी, भोंगा सकाळपासून फिरून राह्यला, पण बाया दारातून आत जातात. तू एकदा फिरशीन का? तू ताट घेऊन निघाली तं साऱ्या येतीन."

गोपिका उठली. आत गेली. तोच पितळी तांब्या, चिंचेनं घासलेला, रांजणातून भरला अन् आणून जयवंतापुढं धरला. वर नाई धरला. खाली, हातात येईन असा.

"पहिले पाणी पे. उन्हातून आली."

जयवंतानं तांब्याकडं पाह्यलं. हात पुढं केला होता तिनं, अर्धा. तेवढ्यात भैय्याजीनं मोटारीतून थर्मास आणला, झाकणात कोमट पाणी ओतलं अन् तिच्या हातात देलं. सवयीनंच देलं. तिनं सवयीनंच घेतलं.

"गाण्याच्या दिवशी बाहेरचं पाणी नाई पेत वं मी," जयवंता म्हणे. "गळा धरते."

"बाहेरचं," गोपिका म्हणे. एवढंच.

मंग तिनं तांब्या जोत्यावर ठेवला, जथी म्हातारी बसे तथी. अन् म्हणाली, "मले वाडीत काम हाय, वांगे तोडाचे हायेत." अक्षतीचं तिनं हो बी म्हणलं नाई, नाई बी म्हणलं नाई. जयवंताले समजलं. त्याच घरातली होती शेवटी.

सांजच्याले शाळेपुढच्या पटांगणात माणसं गेली, पोरं गेली. बायाइची सतरंजी कोरी. आपापल्या वट्ट्यावर बसून बाया आयकून राह्यल्या, भोंगा तं साऱ्या गावाले आयकू ये. गोपिका वाडीतून टोपलं घेऊन आली, तवा भोंग्यातून जयवंता बोलून राह्यली होती. अन् आता 'मले' म्हणून राह्यली होती.

"ह्या गावानं मले पाणी पाजलं, मले मोठं केलं. माही मावशी मले मांडीवर घेऊन पाणी पाजे. माहा आवाज तिच्या तांब्यातून आला हाय."

टाळ्या पडल्या. शेजारच्या वट्ट्यावरून लीलाबाई म्हणाली, "आयकलं का वं गोपिके?"

"आयकलं."

"खरं बोलली ना शेवटी."

गोपिकेनं टोपलं उतरवलं. "तिले पहिलेपासून खरं ठाऊक होतं वं लीलाबाई," म्हणे. "जथी जे खपते ते बोलते ती. जिनं आयकाचं होतं ती तं गेली ना."

जोत्यावरचा तांब्या अजून भरलेलाच होता. गोपिकेनं उचलला अन् उभ्या उभ्या सोताच पेली, शेवटच्या घोटापर्यंत. भोंग्यातून खंजिरीवर थाप पडली. ती आत गेली अन् दार लोटून घेतलं.